दवाखान्याच्या मोरीखाली

सरकारी दवाखान्यात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक रिकाम्या बाटल्या आणि दुसरे किस्से. बाटल्या निदान वर्षातून एकदा भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही. ते आपल्याच डोक्यात पडून राहतात आणि चार माणसं जमली, चहा आला, की एकेक करून बाहेर यायला लागतात. माझी बायको तर म्हणते, "तुमी नोकरी केली का नुसते किस्से गोळा केले?"

मी कंपाउंडर होतो. सत्तरचं दशक, मोठा दुष्काळ नुकताच सरलेला. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, सगळं अकोल्यात मोडायचं. माझी नेमणूक झाली ती आसेगावच्या अलीकडच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण नाला अजून तिथेच आहे आणि सरपंचांची नातवंडंही.

दवाखाना नाल्याच्या काठावर, उंचावर. मागच्या भिंतीतून एक मोरी निघायची आणि थेट नाल्यात पडायची. आमच्या बेसिनचं पाणी, बाटल्या धुतलेलं पाणी, ड्रेसिंगचं पाणी, तिन्ही क्वार्टरांच्या न्हाणीचं पाणी, सगळं तिच्यातून. मोरीच्या खाली दीडशे पावलांवर बौद्धांची वस्ती, चाळीसेक घरं. गावच्या विहिरीवर त्यांनी जाऊ नये असा कायदा नव्हता, पण गेलं की बोलणी खावी लागायची. म्हणून त्या बाया नाल्याच्या वाळूत हातभर खड्डा करायच्या, त्यात पाणी झिरपून येई, ते वाटीवाटीनं भरायच्या. त्याला झिरा म्हणायचे. म्हणजे आम्ही वर ओतायचं आणि त्यांनी खाली प्यायचं, अशी एकंदर व्यवस्था होती.

याच वस्तीतली सुभद्राबाई आमच्याकडे आया होती. दवाखान्यात आया, गावात दाई. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. तिचं मागणं एकच. दवाखान्यामागच्या पडीक जागेत एक शोषखड्डा खणा आणि मोरीचं तोंड त्यात वळवा. चार माणसांचं दोन दिवसांचं काम. पण त्या पडीक सरकारी जागेत सरपंचांच्या कडब्याची गंजी उभी होती. आणि आमचे डॉक्टरसाहेब, नागपूरचे, भले माणूस पण वाद नको म्हणणारे, त्यांचं म्हणणं ठरलेलं, "अहो बाई, एवढ्या वाहत्या पाण्यात थेंबभर औषधाने काय होतं?"

सुभद्राबाई म्हणायची, "थेंबानं काई होत नसल तं तुमी लोकायले थेंब कायले देता?"

साहेब हसायचे आणि पुढचा पेशंट बोलवायचे.

*

पहिलाच पोळा. बेसिनवर बाटल्या विसळताना माझ्या हातून एक बरणी कलंडली. जेन्शन व्हायोलेट. तोंड आलं, खरूज झाली की लावायचं ते जांभळं औषध. त्याची कोरडी पूड होती, चमचाभर सांडली असेल. मी घाईघाईनं वरून दोन बादल्या पाणी ओतलं आणि विषय मिटवला.

खाली नाल्यात सरपंचांचा गडी पांढरी शुभ्र बैलजोडी धूत होता.

संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले तेव्हा मला घाम फुटला. जोडीचे आठही पाय गुडघ्यापर्यंत जांभळे आणि तोंडं अशी, की दोघांनी भर बाजारात जांभळं खाल्लीत. बाकीच्यांनी शिंगं रंगवली, झुली घातल्या, पण असा कातडीत मुरलेला रंग कोणी पाहिला नव्हता. लोक भोवती गोळा झाले. जीपचे ड्रायव्हर हमीदभाई माझ्या शेजारी उभे होते. ते कानात म्हणाले, "कंपाउंडर साब, अब चुपचाप घर चलो. बैलाचं तोंड जांभळं हाय, तुमचं पांढरं पडलं."

तेवढ्यात अनसिंगहून आलेल्या एका पाहुण्यानं सरपंचांना विचारलं, "रंग कुठचा म्हनायचा हा?"

सरपंचांनी मिशीवरून हात फिरवला. "खास अकोल्याहून मांगवला. महाग पडते, पन पोळा काई रोज येते का?"

पुढच्या वर्षी तिघांनी मला गुपचूप विचारलं, अकोल्याचं दुकान कोणतं म्हणून.

*

आता सरकारी पद्धत सांगतो. औषधाची मुदत संपली की ते फेकता येत नसे. ते "पंचांसमक्ष नष्ट" करावं लागे. कागद लिहायचा, दोन पंच बोलवायचे, त्यांच्या डोळ्यांदेखत माल वाहत्या पाण्यात सोडायचा, सह्या घ्यायच्या. वाहतं पाणी म्हणजे आमचा नाला. आणि पंच म्हणजे जो हाकेच्या अंतरावर सापडेल तो. हाकेच्या अंतरावर वस्ती. त्यामुळे आमचा कायमचा पंच होता किसन, सुभद्राबाईचा दीर.

एकदा पोटाच्या औषधाचे दोन मोठे कॅन मुदतबाह्य झाले. ते बडीशेप-वेलदोड्याच्या वासाचं लाल मिश्रण, जेवणानंतर दोन चमचे. किसन आला, काठावर उकिडवा बसला. आम्ही कॅन ओतले. लाल धार झोकात खाली निघाली. मी कागद पुढे केला. किसन काही सही करेना.

"काय झालं रे?"

"मी इचार करून राह्यलो साहेब. हे नष्ट झालं असं लिवलं ना तुमी?"

"हो."

"पन हे तं माह्याच घरी जाऊन राह्यलं. मंग सही कायले? पोच म्हनून घ्या ना."

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई कामावर आली ती पदर तोंडाला लावून हसत. वस्तीत सकाळी सगळ्यांच्या चहाला वेलदोड्याचा वास येत होता म्हणे. किसनच्या सासऱ्यानं तर, पाहुणा म्हणून आला होता, जावयाच्या श्रीमंतीचं फार कौतुक केलं.

*

त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. खालचं पाणी औषधी आहे अशी बातमी पसरली. एका म्हातारीची पोटदुखी थांबली, दुसऱ्याची ढेकर मोकळी झाली, आणि पंधरा दिवसांत लोक आपापल्या बाटल्या घेऊन मोरीच्या तोंडाशी उतरायला लागले. तेव्हा दवाखान्यात औषध घ्यायला प्रत्येकानं स्वतःची बाटली आणायची पद्धत होती. आम्ही कागदाची पट्टी कातरून तिला चिकटवायचो, डोसच्या खुणा म्हणून. तर लोक बाटल्या घेऊन निघायचे दवाखान्याला आणि वळायचे नाल्याकडे.

ओपीडी ओस पडली. साहेब काळजीत. वरून पत्र आलं तर काय सांगायचं? शेवटी त्यांनी मला खाली पाठवलं, लोकांना समजावून सांगायला.

धनजकडून बहिणीकडे आलेला एक शेतकरी मोरीखाली बाटली धरून बसला होता. मी म्हटलं, "बाबा, हे घाण पाणी आहे. वर या, डॉक्टर तपासतील, नीट औषध देतील."

त्यानं बाटली उजेडात धरून पाहिली. "वर काय देते?"

"लाल औषध."

"त्यात काय असते?"

आता त्या दिवसांत पुरवठा कमी आणि पेशंट जास्त, त्यामुळे मी मिश्रणात पाणी जरा मोकळ्या हातानं घालायचो. हे त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "वर पान्यात औषध आन खाली औषधात पानी. इथं लाइन तरी नाई."

मग त्यानं बाटलीला बूच लावलं आणि मला विचारलं, "तुमच्याकून पट्टी चिकटवून भेटन का?"

*

एक लहानसा किस्सा. पोरांच्या झटक्यांवर द्यायचं झोपेचं एक सिरप असायचं. त्याच्या चार बाटल्या फुटलेल्या निघाल्या, त्या मोरीत धुवून टाकल्या. मोरीच्या खाली एक डबकं होतं, वाहत्या धारेला मिळण्याआधी सगळं त्यात थांबायचं. तिथे परटाचं गाढव पाणी प्यायचं.

हे गाढव रोज पहाटे ठरल्या वेळी ओरडायचं. अख्खं गाव त्यावर उठायचं, साहेबही. क्वार्टरमध्ये घड्याळ होतं, पण साहेबांचा विश्वास गाढवावर.

त्या दिवशी गाढव ओरडलं नाही. साहेब साडेआठला उठले. नऊला मंगरुळपीरला वरिष्ठांसमोर हजर राहायचं होतं. हमीदभाईंनी जीप अशी हाणली की साहेबांच्या शर्टाची बटणं वाटेत लागली, आणि तरी उशीर झालाच. वरिष्ठांनी कारण विचारलं.

साहेब प्रामाणिक माणूस. खरं कारण ओठांवर आलं होतं, असं हमीदभाई सांगत. पण खरं सांगायचं तर गाढवापासून सुरुवात करावी लागणार होती. साहेब म्हणाले, "प्रकृती बरी नव्हती."

"कोनाची, हे नाई सांगितलं," हमीदभाई म्हणाले.

*

वरच्या घरांत काय चाललंय हे खालच्यांना पाण्यावरून कळायचं. साहेबांच्या मॅडम नागपूरहून शाम्पू आणायच्या. त्या न्हायल्या की तासाभरात झिऱ्याच्या कडेला फेस. बाया म्हणायच्या, "आज मॅडमनं डोकं धुतलं." फेस चार दिवस आला नाही की म्हणायच्या, "मॅडम माहेरी गेल्या वाट्टे." आणि जंतुनाशक लाल साबणाचा तो तिखट वास आला की ओळखायचं, ऑपरेशनचा कॅम्प लागला.

आमचे क्लार्क सोनटक्के बाबू. वय पन्नास, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. डोक्यावर पांढरं रान. अतिशय गंभीर माणूस, कोणाशी घरगुती बोलणं नाही. एक सोमवार ते ऑफिसात आले ते टोपी घालून. उन्हाळा होता, पंखा बंद होता, पण टोपी काही उतरेना. मी विचारलं, तर म्हणाले, "सर्दी."

तेवढ्यात सुभद्राबाई झाडू घेऊन आत आली. बाबूंच्या टेबलाखालून झाडलं, दाराशी गेली, परत वळली.

"बाबू, पोरगी कुठची पाह्यली?"

बाबूंचं पेन हातातून पडलं. "कोणी सांगितलं तुला?"

"कोन सांगते? काल दुपारी झिऱ्यात काळं पानी आलं. मॅडम कलप लावत नाईत, साहेबाचे केस काळेच आहेत, आन कंपाउंडरले टक्कल." मग ती जरा जवळ येऊन हळू म्हणाली, "पुढच्या खेपेले कलप लावाच्या आंधी सांगत जा. आमी ते पानी गाळून गाळून थकलो."

लग्न झालं. बाबूंनी आम्हा सगळ्यांना जेवण दिलं आणि सुभद्राबाईला लुगडं. ते कशाबद्दल, हे नव्या वहिनींना कोणी सांगितलं नाही.

*

सुभद्राबाईनं अर्ज केला. मीच लिहून दिला, तिनं अंगठा केला. पाणी तपासा, एवढंच मागणं. साहेबांनी तो वर पाठवला आणि चक्क हुकूम आला, नमुना पाठवा.

सुभद्राबाईनं स्वतः झिऱ्यातून बाटली भरली. वर कापड बांधलं, तिच्यासमोर लाखेचं सील केलं. हमीदभाईंच्या हाती देताना म्हणाली, "भाई, लेकरासारखी नेजा."

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. "पाणी पिण्यास योग्य."

साहेबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. सुभद्राबाईचं तोंड उतरलं. मलाही खरं वाटेना, कारण त्या आठवड्यात मोरीतून काय काय गेलं होतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी साहेबांना विचारलं, "यात आपलं औषध कसं दिसलं नाही?"

साहेबांनी कागद उलटसुलट केला. "यात जंतू बघतात. औषधाचा रकानाच नाही."

हमीदभाई मात्र त्या दिवसापासून सुभद्राबाईला चुकवायला लागले. समोरून ती आली की हे जीपखाली. जीप कधी नव्हे इतकी दुरुस्त झाली. चौथ्या दिवशी सुभद्राबाई जीपच्या शेजारी जमिनीवर बैठक मारून बसली.

"भाई, बाहीर या. मी बसून राह्यली."

हमीदभाई बाहेर आले, तोंडाला ऑइल. मग खरं बोलले. पातूरच्या घाटात ब्रेक दाबला तशी बाटली सीटवरून खाली, आणि चुराडा. परत यायचं तर पेट्रोल नाही. मग अकोल्यात पोचल्यावर एका हॉटेलवाल्याकडून बाटली घेतली, नळावर भरली, लाखही तिथेच लावली. "अल्ला कसम बाई, साफ पानी भरा. मेरेकू लगा, अच्छा रिपोर्ट आयेगा तो तुमकू खुशी होयेगी."

मला वाटलं आता ही यांना सोडत नाही. पण सुभद्राबाई उठली, लुगड्याची धूळ झटकली.

"भाई, त्या नळाचा पत्ता सांगून ठेवा. अर्ज तं पास झाला, आता तेच पानी आनून द्या रोज."

*

हा किस्सा हसायचा नाही, पण मध्ये आहे म्हणून सांगतो.

सुभद्राबाईची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. तिची लोहाच्या गोळ्यांची पुडी दवाखान्यात राहिली, ती द्यायला मी वस्तीत गेलो. पहिल्यांदाच गेलो, खोटं कशाला बोलू. तोवर त्या दीडशे पावलांचं कामच पडलं नव्हतं. मुलीनं घोंगडी टाकली, तांब्या भरून पाणी आणलं. ऊन मी म्हणत होतं. मी तांब्या हातात घेतला आणि मला सकाळ आठवली. सकाळी मी जुन्या मलमाचे डबे आणि कुठल्याशा पिवळ्या पावडरीचे पाव डझन पुडे मोरीत धुवून टाकले होते.

मी तांब्या धरून बसलो. सुभद्राबाई चुलीशी होती, तिनं पाहिलं. रागावली नाही. येऊन माझ्या हातातून तांब्या अलगद काढून घेतला.

"नका पेऊ. तुमाले म्हाईत हाय त्यात काय हाय. तिले म्हाईत नाई, म्हनून ते पेते."

मला फार लाज वाटली. त्यानंतर मी मोरीत जाणूनबुजून काही टाकलं नाही, जमेल तेवढं मागे खड्डा करून पुरायचो. पण मी एकटा, हातात खुरपं, आणि मोरी तर सगळ्यांचीच होती. मोठा खड्डा हवा होता आणि मोठ्या खड्ड्यावर सरपंचांची गंजी.

मी साहेबांकडे गेलो. साहेब सरपंचांकडे गेले. सरपंच म्हणाले, "साहेब, गंजी काई दोन दिसात हलत नाई. आन थेंबानं काई होत नाई, हे तुमीच सांगता."

साहेबांना परत यावं लागलं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते किती लंगडं असतं ते कळतं, असं ते मला म्हणाले. बदली होईपर्यंत मी त्यांचा जो मान राखला तो या वाक्यापासून.

*

आता खड्डा कसा झाला ते सांगतो.

त्या पावसाळ्यात स्टोअरचं छप्पर गळलं आणि गोळ्यांचं एक मोठं खोकं भिजलं. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या. बायकांनी घ्यायच्या त्या. तेव्हा नव्याच आल्या होत्या, गावात कोणी घेत नसे, म्हणून पडून होत्या. मुदतही संपलेली. कागद आला, पंचांसमक्ष नष्ट करा.

एवढा माल माझ्या खुरप्याच्या खड्ड्यात मावणारा नव्हता, म्हणून मी किसनला हाक मारायला निघालो, तर सुभद्राबाईनं अडवलं. "येवढं मोठं खोकं. त्याले किसन कायले? सरपंच पाह्यजे. मान्सं मोठी, तं कागद मोठा."

साहेबांना पटलं. सरपंचांनाही पटलं, कागदावर त्यांचं नाव पहिलं येणार होतं. कडक इस्त्रीचे कपडे, डोक्यावर टोपी, खिशाला फाउंटन पेन, अशा थाटात ते नाल्यावर आले. दुसरा पंच सोनटक्के बाबू. मी कागद वाचला. "गर्भनिरोधक गोळ्या, मुदतबाह्य व भिजलेल्या." सरपंच दुसरीकडेच पाहत होते. माझी सरकारी भाषा ऐकत कोण बसतं? त्यांनी पेन काढलं, कागद गुडघ्यावर घेतला.

आता इथे एक माहिती. सरपंचांच्या धाकट्या मुलाचं लग्न मागच्या उन्हाळ्यात झालं होतं. नवराबायको मळ्यात राहायला गेले होते, म्हणजे नाल्यानंच खाली, वस्तीच्याही पुढे. तिथल्या डोहाचं पाणी घरात. आणि सरपंच गावभर सांगत फिरत होते की पहिला नातू मळ्यातच व्हावा, म्हणून पाळणा करायला टाकलाय. पाळणा तयार होऊन सुताराकडे तसाच लटकत होता.

सुभद्राबाई खोक्याजवळ उभी होती. एक पाकीट तिनं हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"सरपंच, ह्या कायच्या गोया आहेत, म्हाईत हाय ना?"

"औषध हाय. कायच्या म्हंजे?"

"लेकरं न होयाच्या."

पेन कागदाला टेकलेलं तसंच राहिलं. निबाखाली शाईचा ठिपका पसरत गेला.

"ह्या इथं टाकाच्या?"

"मागच्या सालीबी इथंच टाकल्या होत्या की. तवा सही किसनची होती, म्हनून तुमाले ठाऊक नाई."

मागच्या साली टाकलेल्या गोळ्या साध्या पोटदुखीच्या होत्या. मला माहीत होतं, बाबूंना माहीत होतं, साहेबांनाही माहीत होतं. बाबू एकदम खाली वाकून चपलेचा अंगठा पाहायला लागले. मी आकाशाकडे पाहिलं.

सरपंच साहेबांकडे वळले. "साहेब, थेंबानं काई होते का?"

मी साहेबांकडे पाहत होतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "खरं सांगू सरपंच? मला माहीत नाही. कोणी तपासलंच नाही."

सरपंच खालच्या अंगाला पाहत राहिले, वस्तीच्या पलीकडे, मळ्याची झाडं दिसतात तिकडे. मग ते सुभद्राबाईकडे वळले. आवाज एकदम खाली आला होता.

"बाई, तू तं येवढी बाळंतपणं केली. सून मळ्यात जाऊन वर्स होत आलं. काळजीचं काई नाई ना?"

सुभद्राबाईनं पाकीट खोक्यात परत ठेवलं आणि हात पदराला पुसले.

"मी दाई आहो, सरपंच. मले नऊच महिने मोजता येतात. पुढचे तुमी मोजा."

सरपंचांनी पेनाला टोपण लावलं, कागद सही न करता माझ्या हातात दिला, आणि गंजी हलवायला बैलगाडी जुंप म्हणून गड्याला हाक मारत वर चढले.